‘उर्गा’ बघायला बसताना

रशियन दिग्दर्शक निकिता मिखाल्कोव यांचा ‘उर्गा’ (1991) हा सिनेमा मी हौसेने माणसं जमवून दाखवते. शोधताना ‘क्लोज टू ईडन’ हेही नाव टाकून बघा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला हा सिनेमा मोबाइलवर मात्र बघू नका. माळावरचा ठिपक्याएवढा घोडेस्वार त्यात दिसायचाच नाही.

आधी नकाशा उघडा. इनर मंगोलिया चीनमध्ये येतो, मंगोलिया देश वेगळा. हे कळलं की इनर मंगोलियातल्या गोम्बो आणि पाग्मा या पशुपालक जोडप्याची अडचण समजते: तीन मुलं झाली आहेत, चौथ्याला तेव्हाच्या चिनी कायद्याची आडकाठी. उर्गा म्हणजे घोडे धरायची, टोकाला फास असलेली लांब काठी. ती माळावर रोवलेली दिसली की तिकडे फिरकायचं नाही, जोडप्याला एकांत हवाय. सुरुवातीलाच तसा प्रसंग आहे, तेव्हा मुलांना सोबत बसवायचं का ते आधीच ठरवा.

मग येतो सर्गेई, रशियन ट्रकचालक. गाडी चालवताना त्याला डुलकी लागते आणि ट्रक नदीपाशी अडकतो. गोम्बो त्याला आपल्या तंबूत नेतो आणि पाहुण्यासाठी मेंढी कापतो. इथे बरेच जण तोंड फिरवतात. फिरवू नका. मंगोल पशुपालक छातीवर छोटी चीर देऊन हात आत घालतात आणि मुख्य रक्तवाहिनी तोडतात, रक्त जमिनीवर सांडू देत नाहीत. गोम्बोच्या हातांकडे बघा, मग सर्गेईच्या चेहऱ्याकडे. त्याला ते बघवत नाही, तरी नंतर तो त्याच घरचं जेवतो. माझ्या मते मैत्री इथेच जुळते. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे सबटायटल वाचण्यात हा प्रसंग घालवू नका.

सर्गेईच्या पाठीवर सुरावट गोंदलेली आहे, ‘मांचुरियाच्या टेकड्यांवर’ या वॉल्ट्झची, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाच्या धूनेची. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी इल्या शात्रोव यांनी ती रचली. सिनेमाआधी ती एकदा ऐकून घ्या. मग शहरातल्या क्लबमध्ये सर्गेई शर्ट काढतो आणि वादक त्याच्या पाठीवरून वाचून वाजवतात, तेव्हा घरापासून किती लांब आलाय हा माणूस, ते पोटात जाणवतं.

नंतर गप्पा मारायच्या तर ‘कोण बरोबर?’ हा प्रश्न टाळा. ‘तुम्ही पाहुणे असता तर काय केलं असतं?’ असं विचारा, बुजरी माणसंही बोलतात. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पाग्मावर नजर ठेवा. ती शहरात वाढलेली, टीव्ही आणायला सांगते तीच. दोन पुरुषांच्या मैत्रीकडे बघताना ती हमखास नजरेतून सुटते.