कोजागिरीच्या कार्यक्रमात स्वतःचं गाणं म्हणायचंय? मग हे वाचाच

मोहल्ल्यातल्या कार्यक्रमात तुम्हाला स्वतःची दोन-तीन गाणी म्हणायला बोलावलं ना, तर पहिलं गाणं भजनाच्या नाहीतर दंडारीच्या (आपल्या विदर्भातल्या लोकनाट्याच्या) ओळखीच्या चालीवर बांधलेलंच घ्या, लोकं लगेच टाळी धरतात. ध्रुवपद एका श्वासात म्हणता येईल एवढंच ठेवा, मागे खुर्चीवर बसलेल्या आजीलाही ते उचलता आलं पाहिजे.

खरी काळजी खंजिरीची घ्या. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या नागपुरात खंजिरीचा ठेका लोकांच्या कानात पक्का बसलाय, ती ढिली वाजली की समोरच्याला लगेच कळतं. रात्री गच्चीवर दव पडतं, चामडं ओल धरतं अन आवाज एकदम बसतो, माझ्या खंजिरीचा तर ऐन दुसऱ्या कडव्यात बसला होता अन फार वाईट वाटलं होतं. म्हणून ती कापडात गुंडाळून ठेवा, अन स्टेजवर जायच्या आधी दूध आटवायच्या शेगडीपासून हातभर लांब धरून फिरवत शेकवा, बोटानं टिचकी मारून बघत राहा, टणक आवाज आला की बस. जास्त शेकली तर चामडं फाटतं.

माईक तोंडापासून चार बोटं लांब. खंजिरी त्याच्यापासून खाली, कमरेजवळ वाजवा, नाहीतर शब्दच ऐकू येत नाहीत, अन आपलं गाणं तर शब्दांसाठीच असतं.

स्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, म्हणून आपला नंबर रात्री ९ वाजायच्या आधीचा मागून घ्या. शेवटचं गाणं मात्र माईक बंद झाल्यावर, दूध वाटताना, खाली सतरंजीवर बसून म्हणा, सगळे जवळ सरकून बसतात.