वर्गात स्क्रीन रीडर, एफएम माइक वगैरे वापरताय? मग या चुका टाळा

"सर, स्क्रीन रीडर टाकला पण चालतच नाही, दुसरं चांगलं अ‍ॅप सांगा ना." स्क्रीन रीडरबद्दलचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दलचा, हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता मी अ‍ॅपचं नाव सांगतच नाही, आधी फाइल पाठवा म्हणतो. बहुतेक वेळा अ‍ॅप ठीकच असतं. घोळ फाइलमध्ये असतो नाहीतर आपल्या सवयीत.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे फोटोची पीडीएफ. वहीचे नाहीतर पुस्तकाचे फोटो काढायचे, पीडीएफ बनवायची आणि ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात पण स्क्रीन रीडरसाठी ते फक्त चित्र असतं, त्याला वाचायला एक शब्दही मिळत नाही. एका शाळेत परीक्षा तोंडावर आलेली आणि एका अंध मुलीचा लॅपटॉप "बोलत नाही" म्हणून मला बोलावलं. तोपर्यंत त्यांनी एनव्हीडीए (तिचा स्क्रीन रीडर) काढून परत टाकलं होतं, आवाज बदलून बघितला होता, लॅपटॉपसुद्धा बदलला होता, आणि ती पोरगी पहिल्यापासून सांगत होती की बाकीचं सगळं वाचतंय, या फाइलमध्येच काही नाहीये. तिचं कोणी ऐकलंच नाही! मी माउसने एक ओळ सिलेक्ट करायला गेलो तर होईना, तिथेच विषय संपला. तयारीचे ऐन महत्त्वाचे दिवस मात्र तिचे वाया गेले ते गेलेच, याचा मला आजही राग येतो.

म्हणून माझी सवय सांगतो. फाइल पाठवायच्या आधी एक ओळ सिलेक्ट करून कॉपी करायची आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायची. सिलेक्टच झाली नाही तर ते चित्र आहे, आणि पेस्ट केल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा आला तर मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी ओळखली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे, तोही स्क्रीन रीडरला कळत नाही. चित्र असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो, पण नंतर स्वतः वाचून दुरुस्त करा, कारण जोडाक्षरं आणि आकडे हमखास चुकतात. गणिताची सूत्रं आणि तक्ते तर सरळ नव्याने टाइप करा, तिथे शॉर्टकट नाही. वर्डमधून पीडीएफ करताना "प्रिंट" मधून करू नका, "सेव्ह अ‍ॅज" मधून करा, नाहीतर हेडिंग आणि चित्रांची वर्णनं गळून पडतात. आणि हेडिंग म्हणजे नुसती ठळक मोठी अक्षरं नव्हेत, स्टाइल्समधून हेडिंग द्या, म्हणजे मुलाला एका कीने धड्यात उड्या मारता येतात.

दुसरी माझी नावडती चूक एफएम किंवा रिमोट माइकची, म्हणजे शिक्षकाचा आवाज थेट मुलाच्या श्रवणयंत्रात पोचवणाऱ्या माइकची. कानात मशीन आहे ना, मग ऐकू येणारच, असं समजून माइक टेबलावर ठेवून देतात! मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि वर्गातला गोंगाट तर मुलाच्या शेजारीच असतो, म्हणून तर माइक तोंडापासून साधारण वीतभर खाली छातीवर लावायचा असतो, दागिना किंवा ओढणी घासणार नाही असा. एका मुलाशी बाजूला बोलायचं असेल, स्टाफरूममध्ये जायचं असेल तर म्यूट करा, नाहीतर तुमचं सगळं बोलणं थेट त्या पोराच्या कानात जातं. वर्गातल्या दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं तर माइक त्याच्या हातात द्या किंवा ते उत्तर स्वतः परत बोला. एवढंसं केलं तरी मूल चर्चेत राहतं, पण नेमकं हेच होत नाही.

बोलता न येणाऱ्या मुलाचा चित्रांचा टॅबलेट (चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द बोलतो) "मस्ती करतोय" म्हणून काढून घेणं, हे तर मला बघवत नाही. तो त्याचा आवाज आहे हो! आणि त्यात फक्त "पाणी", "शू", "भूक" एवढंच भरून ठेवू नका. "नको", "अजून", "थांब", "का" हे शब्द दिवसभर लागतात. तुम्ही स्वतः बोलताना त्याच टॅबलेटवर बोट ठेवत बोला, मुलं बघून शिकतात, आणि आठवड्याभरात काही झालं नाही म्हणून कपाटात ठेवू नका, काही मुलांना महिनोन्‌महिने लागतात.

बाकी बारीकसारीक. "लाल रंगातले शब्द पाठ करा" असं म्हणू नका, रंग न ओळखणारी मुलं अडकतात. स्लाइडवर फिकट राखाडी अक्षरं नकोत, मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो. व्हिडिओवर आपोआप येणारी कॅप्शन न तपासता दाखवू नका, विशेष नावं आणि विषयातले शब्द त्यात चुकतात. स्क्रीन रीडरचा वेग मुलालाच ठरवू द्या, सरावलेली मुलं आपल्याला कळणारही नाही इतक्या वेगात ऐकतात.

आणि परीक्षेच्या तोंडावर नवीन साधन हातात देऊ नका. जे हाताला बसलंय तेच राहू द्या, अपडेटसुद्धा पेपर संपल्यावर करा.