पाणी जड आहे? मशीन घेण्याआधी या चुका टाळा

पुण्यात खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेलं कुटुंब उंड्री किंवा वाघोलीकडच्या नव्या सोसायटीत राहायला गेलं की थोड्याच दिवसांत कुरकुर सुरू होते. तोटीवर पांढरा थर, बादलीला आतून खरखरीत कड, साबणाला फेस नाही आणि पाच शिट्ट्या होऊनही तूरडाळ दाताखाली येते. धरणात साठलेलं पावसाचं पाणी हलकं असतं. बोअरचं पाणी (टँकरमध्येही बरेचदा तेच असतं) खडकाच्या भेगांमधून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोळ पुढे होतो. पाण्याच्या प्रत्येक दुखण्याला आपण ‘क्षार’ म्हणतो आणि सगळ्यांवर एकच मशीन शोधतो.

टीडीएस मीटरवरून जडपणा ठरवणं

हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतं. त्यात मीठही येतं, सोडाही येतो. जडपणा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि तो या आकड्यातून वेगळा काढता येत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस चढतो त्यात सोडियमच्या क्षारांचा वाटा मोठा असतो. पुण्याच्या कडेच्या बोअरचं दुखणं वेगळं आहे.

जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं. नमुना आधी लालसर होतो, मग थेंब टाकत गेलं की निळा होतो. थेंब मोजायचे आणि किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. सविस्तर तपासणी हवी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. एकदा तपासून अहवाल फाइलला लावणं हीसुद्धा चूकच. मे महिन्यातलं बोअरचं पाणी आणि पावसाळ्यानंतरचं पाणी यांत बराच फरक पडू शकतो, आणि टँकरवाल्याने विहीर बदलली तर तो तुम्हाला सांगायला येत नाही.

काळं पाणी बघून घाबरणं

विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे पडद्यातून क्षार गाळणाऱ्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या दांड्या सोडतो. नळाचं पाणी बघताबघता तपकिरी-काळपट होतं, वर तवंग येतो, आणि घरातली ज्येष्ठ मंडळी हबकतात. ती घाण पाण्यातली नसते. दांडीतलं लोखंडच विरघळून बाहेर आलेलं असतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा दांड्या सोडायला सांगा. बहुतेक वेळा विक्रेत्याला दुसरीकडे जायची घाई होते.

आरओ आणि सॉफ्टनर एकच समजणं

सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. पाणी हलकं होतं, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे नवा सॉफ्टनर बसवून टीडीएस मीटरने त्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. हिशेब असा: ३०० मिलिग्रॅम जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. अंघोळीला, कपड्यांना उत्तम. पण घरात कुणाला डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं असेल तर प्यायला आणि स्वयंपाकाला हे पाणी वापरण्याआधी त्यांना विचारा.

आरओ सगळेच क्षार काढतो, मात्र बरंच पाणी वाया घालवून. महापालिकेचं धरणाचं पाणी येत असेल आणि टीडीएस ५०० च्या आत असेल तर केवळ क्षारांसाठी आरओची गरज नाही; राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. उलट फार जड पाणी थेट आरओला दिलं तर त्याचा पडदा लवकर चोंदतो.

शॉवरला लावायचे छोटे फिल्टर आणि पाइपला बांधायची चुंबकं यांच्याबद्दल थोडक्यात: आधी आणि नंतर थेंबांचं किट लावा. आकडा तोच आला तर जडपणा कमी झालेला नाही. तुरटीचंही तसंच, तिने गाळ खाली बसतो, जडपणा जात नाही.

डागांवर ॲसिड ओतणं

हे मात्र खरंच धोक्याचं आहे. संडास धुवायच्या ॲसिडने तोटीवरचा थर झटक्यात निघतो, आणि चकाकीचा मुलामाही त्याच्याबरोबर जातो. शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा हे मुळात चुनखडीचेच दगड, त्यामुळे ॲसिड त्यांनाही खातं. लिंबू सांडलं तरी कडप्प्यावर पांढरट डाग उमटतो. त्याहून वाईट म्हणजे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करणं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

तोटीला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. तोटीची जाळी आणि शॉवरचं तोंड काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलं की बंद भोकं मोकळी होतात.

गिझर पूर्ण तापवणं, सोलरकडे न बघणं

चार माणसांचं घर माणशी १३५ लिटर धरून दिवसाला ५४० लिटर पाणी वापरतं. ३०० मिलिग्रॅम जडपणाला त्यातून रोज १६२ ग्रॅम खनिज घरात येतं. बहुतेक मोरीतून निघून जातं, पण पाणी जितकं जास्त तापेल तितकं ते गरम भागावर बसतं. म्हणून कॉइल जाते आणि गिझर खडखडतो. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या आणि टाकीला गंजापासून वाचवणारी आतली मॅग्नेशियमची कांडीही तपासायला सांगा. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून तो कुणी बंद करत असेल तर हात धरा. गच्चीवरच्या सोलरचं पाणी कोमट यायला लागलं की लोक ढगांना दोष देतात. काचेच्या नळ्यांमध्ये साचलेला थर कुणी बघत नाही.

डाळीत सोडा, मुतखड्याची चिंता

जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. चिमूटभर सोड्याने डाळ शिजते, पण बी जीवनसत्त्वं घटतात. त्यापेक्षा डाळ-तांदळापुरतं गोडं पाणी वेगळं भरून ठेवा, आणि डाळ आधी त्याच पाण्यात भिजवा.

जड पाण्याने मुतखडा होतो, ही भीती घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याच्या बाबतीत पाणी कमी पिणं हे कारण कितीतरी मोठं. त्वचेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून चाचणी झाली होती. २०११ मध्ये निकाल आला, इसबाला त्याचा वेगळा फायदा दिसला नाही.

खरी काळजी ज्याची करायची ते डोळ्यांना दिसत नाही. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम, फार तर १.५. ते जास्त असलेलं पाणी चवीला चांगलं असू शकतं आणि साबणाला फेसही देतं, कारण पाण्यात कॅल्शियम कमी असेल तेव्हाच फ्लोराइड जास्त विरघळून राहतं. यवतमाळमध्ये आणि नांदेडच्या किनवट भागात लोकांनी हे दातांवर आणि हाडांवर भोगलं आहे. बोअरचा नमुना देताना फ्लोराइड, नायट्रेट आणि जिवाणू या तीन तपासण्या सांगून घ्या; जिवाणूंसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते.

सोसायटीचा सामाईक सॉफ्टनर असेल तर त्यात जाडं मीठ वेळेवर पडतंय का ते बघा; धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन काढायला ते लागतं. मीठ संपलं तरी यंत्र चालूच राहतं, पाणी मात्र जड येतं. आणि मीठ घालून धुतल्यावर निघणारं खारं पाणी झाडांना घालू नका.