ट्रान्समिशनचा पॅन उघडण्याआधी हत्यारं कोणती जमवाल?

अमेरिकेत जुना पिकअप ट्रक घेतला की कधी ना कधी प्रश्न पडतोच: ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचा पॅन, म्हणजे तळाचं तेलाचं ताट, उतरवून फिल्टर घरच्या घरी बदलता येईल का? येतो. मी हे शिकलो ते १९९९ ते २००६ च्या पिढीतल्या शेवरले सिल्व्हरॅडो १५०० वर. त्यात बहुधा ४एल६०-ई हे चार गिअरचं ट्रान्समिशन असतं. तुमचा ट्रक वेगळा असेल तर आकडे त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

शेकडो तुकड्यांच्या सॉकेट सेटचा मोह टाळा. पॅनला १६ बोल्ट, सगळ्यांना १० मिमीचं एकच सॉकेट. तीन-अष्टमांश इंची रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, एक स्विव्हल जॉइंट (तिरकस वळणारा सांधा), एवढ्यावर भागतं. ड्रायव्हरच्या बाजूला गिअर केबलचं ब्रॅकेट काही बोल्टांच्या आड येतं, तिथे स्विव्हल नसेल तर हात सोलवटतात.

पैसे खर्च करायचे ते छोट्या टॉर्क रेंचवर (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना), इंच-पाउंडवाल्या. या बोल्टांना फक्त ९७ इंच-पाउंड, म्हणजे ११ न्यूटन-मीटर लागतात. चाकांच्या नटांसाठी घेतलेला फुट-पाउंडवाला मोठा रेंच इथे निरुपयोगी. हे माप त्याच्या पट्टीवर सुरूच होत नाही. ट्रान्समिशनचं आवरण ॲल्युमिनियमचं. अंदाजाने आवळत गेलात तर आटे जातात, आणि पन्नास डॉलरचं काम कुठल्या कुठे जातं. रेंच विकत घ्यायचा नसेल तर ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत ठेवून हत्यारं मिळतात, परत केलं की पैसे परत.

पॅनला बहुधा ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचं बूच, नसतो, त्यामुळे तेल सगळ्या कडांनी येतं. म्हणून घमेलं पॅनपेक्षा रुंद हवं, आणि खाली जुना पुठ्ठा. एका बाजूचे बोल्ट नुसते सैल ठेवायचे, बाकीचे काढायचे आणि रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं, म्हणजे पॅन एकीकडे कलून तेल सांडतो. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. ती कड ओरखडली की गळती कायमची. तेल कोमट असावं, गाडी नुकतीच हायवेवरून आणलेली नसावी.

फिल्टरला बोल्ट नाही. त्याची मान वर तेलाच्या पंपात सीलच्या, म्हणजे फट बंद करणाऱ्या कड्याच्या, पकडीवर बसलेली असते. डुलवत ओढला की निघतो, पण सील बरेचदा वरच राहतो. नवा फिल्टर त्याच जुन्या सीलमध्ये दाबणारे पुष्कळ आहेत. सील धड असेल तर चालतंही, पण तो झिजला असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि दाब पडतो. सील काढायला सील पुलर घ्या, सील बसतो त्या भोकाची भिंत न खरवडता.

पॅनमधल्या चुंबकावरचा राखाडी लगदा पाहून घाबरू नका, ती नेहमीची झीज. चमकते तुकडे दिसले तर मात्र फिल्टर बदलून काही साधणार नाही. पुसायला सूत न सुटणारी फडकी, सोबत ब्रेक क्लीनर आणि प्लॅस्टिकची खरवडणी.

भरायला लांब नळीचं नरसाळं लागतं, कारण तेल डिपस्टिकच्या (पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतूनच जातं. डेक्सरॉन ६ हे ट्रान्समिशनचं तेल साधारण पाच क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास लागतं. उरलेलं जुनं तेल बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनाची शक्ती तेलातून ट्रान्समिशनला देणारा भाग) राहतं. आधी चार क्वार्ट घाला, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा. मग ट्रान्समिशन गरम असताना, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून पातळी बघा.

ट्रक मुळात उंच, सडपातळ माणूस नुसताच खाली सरकतो. तरी कोपर हलायला जागा हवी म्हणून उचलावा लागतोच. तेव्हा वजनाला पुरणारे जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारे टेकू) आणि चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. डोळ्यांना चष्मा लावा, तेल थेट तोंडावर येतं. जुनं तेल झाकणाच्या डब्यात भरून पार्ट्सच्या दुकानात द्या, बहुतेक ठिकाणी फुकट घेतात.