बोअरचा व्यास आणि चेंबरमधला दाब: काडतूस भरण्याआधी नळी कशी मोजावी

रायफलची काडतुसे स्वतः भरण्याचा छंद अमेरिकेत चांगला रुजलेला आहे. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा ठरते, म्हणून पुढील विवेचन अमेरिकेतील परिस्थिती गृहीत धरून केले आहे.

बोअर म्हणजे नळीची आतली पोकळी. ‘बोअरचा व्यास’ म्हणताना दोन मापांची गल्लत होते. रायफलिंगमधील (नळीत आतून कोरलेल्या सर्पिल खाचांमधील) उंचवट्यांमधले अंतर हे एक माप आणि समोरासमोरच्या खाचांच्या तळांमधले अंतर हे दुसरे. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या नळीत पहिले ०.३०० इंच, तर दुसरे ०.३०८ इंच असते. गोळीचा व्यास या दुसऱ्या मापाशी जुळवायचा असतो.

व्यासाचा दाबाशी असलेला संबंध .३०८ विंचेस्टरच्याच कुटुंबात स्पष्ट दिसतो. तीच पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) मानेशी, म्हणजे गोळी बसते त्या तोंडाशी, आवळून .२४३ विंचेस्टर झाले आणि मान रुंदावून .३५८ विंचेस्टर. .२४३ च्या गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०४६ चौरस इंच, तर .३०८ च्या गोळीचे ०.०७५, म्हणजे सुमारे १.६ पट. गोळी नळीत एक इंच पुढे सरकली की वायूला मिळणारी नवी जागाही त्याच प्रमाणात वाढते. अरुंद नळीत ही जागा सावकाश मोकळी होत असल्यामुळे जलद जळणाऱ्या पावडरीचा दाब झपाट्याने चढतो. म्हणून तिथे सावकाश जळणारी पावडर लागते. पुंगळी सारखी दिसते म्हणून एका कॅलिबरच्या काडतुसाची पावडरीची मात्रा दुसऱ्यात वापरणे, यासारखी घोडचूक या छंदात क्वचितच दुसरी असेल.

दुसरा प्रश्न एकाच काडतुसाच्या दोन नळ्यांमधील फरकाचा. जर्मनीच्या १८८८ च्या रायफलीसाठी ०.३१८ इंचाची गोळी होती, १९०५ साली ती ०.३२३ इंचाची झाली. जुन्या नळीत नवी गोळी जाण्याचा धोका कायम असल्याने अमेरिकेच्या ‘सामी’ या प्रमाणीकरण संस्थेने याच काडतुसाची, म्हणजे ८ मिलिमीटर माउझरची, दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठेवली, जी युरोपातील सुमारे ५६,५०० पीएसआयपेक्षा बरीच कमी आहे. उलट, नळी प्रमाणापेक्षा सैल असेल तर वायू बाजूने निसटतो, वेग घटतो आणि नेम बिघडतो.

म्हणून जुनी रायफल हाती आल्यास प्रथम नळी मोजावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढावा, नळी स्वच्छ करून तेलाचा हलका हात द्यावा आणि खाचांच्या मापापेक्षा किंचित मोठी, शुद्ध मऊ शिशाची गोळी पितळी किंवा लाकडी दांड्याने हलके ठोकत आरपार न्यावी. बाहेर आलेल्या शिशावरचे उंच भाग म्हणजे नळीच्या खाचा. त्यांच्यामधले अंतर मायक्रोमीटरने घ्यावे. खाचांची संख्या सम असेल तर काम सोपे आहे, पण आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यातही बनलेल्या ली-एनफिल्डच्या बऱ्याच नळ्यांना पाच खाचा असतात आणि तिथे समोरासमोर खाच नसल्यामुळे साधा मायक्रोमीटर फसवे माप देतो. त्यासाठी व्ही आकाराच्या पायाचा मायक्रोमीटर लागतो.

नळीइतकेच चेंबरच्या (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या कप्प्याच्या) मानेकडेही पाहावे, आणि माझ्या मते इथेच लोक अधिक चुकतात. जाड गोळी बसवल्यावर पुंगळीची मान फुगते. चेंबरमध्ये तिला उघडायला जागा उरली नाही तर गोळी सुटत नाही आणि दाब एकाएकी वाढतो. गोळी बसवलेल्या मानेचा बाहेरचा व्यास चेंबरच्या मानेपेक्षा कमी आहे ना, हे मोजूनच पुढे जावे.

मात्रा मान्य पुस्तिकेतूनच घ्यावी, गोळीचे वजन आणि बनावट तीच ठेवावी आणि पुस्तिकेत दिलेल्या सुरुवातीच्या मात्रेपासून आरंभ करून थोडी थोडी वाढवत जावी. प्रायमर (पुंगळीच्या बुडाशी असलेली, पावडर पेटवणारी टोपी) सपाट दिसणे किंवा बोल्ट उचलायला जड जाणे, या खुणा दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. म्हणून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग पुस्तिकेतील आकड्यापेक्षा जास्त निघू लागला की तिथेच थांबावे.