हेतू बदलला, माईक तोच

सहा वर्षांपूर्वी नोकरी मिळावी म्हणून मी पॉडकास्ट सुरू केला. नोकरी मिळाली आणि रेकॉर्डिंगचा कंटाळा यायला लागला. तुमचंही असं झालं असेल तर आधी आपलेच जुने भाग ऐका आणि आवाज कुठे खुलतो ते वहीत टिपा. माझा खुलायचा पाहुण्यांच्या फजितीवर. करिअरच्या सल्ल्यांवर मी नुसता ‘हं, हं’ करत होतो. नवा विषय तिथूनच उचला. नवी आरएसएस फीड (ज्या लिंकवरून पॉडकास्ट ॲप्सना नवे भाग मिळतात ती) मात्र काढू नका, जुने श्रोते मागेच राहतात. त्याच फीडवर नवा सीझन, २ मिनिटांचा ट्रेलर टाका, वर्णन बदला. दर आठवड्याचा हट्ट सोडा. पंधरवड्याला एक, पण ४ भाग आधीच तयार ठेवा. डाउनलोडचे आकडे मी महिन्यातून एकदाच बघतो. बरं, दोनदा.