शाळेच्या अंगणात विमानशर्यत भरवताना

रबराच्या पिळावर उडणारे हलके विमान मोकळे सोडण्याऐवजी दोऱ्याने एका खांबाला बांधले, तर ते खांबाभोवती वर्तुळात फिरते आणि मुलांना खरी, वेगाची शर्यत खेळता येते. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या कोणत्याही मराठी शाळेच्या सभागृहात अथवा अंगणात ही शर्यत थोडक्या खर्चात भरवता येईल. मात्र तिचे नियम विमाने तयार होण्याआधी लिहून काढावेत, असा माझा आग्रह आहे. विमानशर्यतींच्या पहिल्या काही वर्षांतले बरेच नियम अपघात घडून गेल्यावर सुचले. त्या अपघातांची माहिती आज आपल्याजवळ असल्यामुळे त्यांची किंमत आपल्या मुलांना पुन्हा मोजावी लागू नये.

प्रथम मांडणी पाहू. सुमारे एक मीटर उंचीचा लाकडी खांब जड बैठकीवर घट्ट बसवावा आणि त्याच्या माथ्यावर सहज फिरणारी कडी लावावी. जुन्या सायकलच्या चाकाचा मधला भाग यासाठी उत्तम चालतो. तंगुसाचा दोरा असा बांधावा की खांबाच्या मध्यापासून विमानापर्यंत बरोबर दोन मीटर अंतर राहील, म्हणजे एक फेरी साडेबारा मीटरांहून किंचित जास्त होते आणि चार फेऱ्यांत पन्नास मीटर पुरे होतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी दोऱ्याला एक किलोचे वजन टांगून तो तुटत नाही आणि गाठही सरकत नाही, हे पाहून घ्यावे. ही तपासणी कंटाळवाणी वाटली तरी एकदाही गाळू नये, कारण उडताना दोरा तुटला की विमान वर्तुळ सोडून सरळ रेषेत बाहेर जाते आणि ते कोणत्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही.

यासाठीच प्रेक्षकांची रेषा हा या शर्यतीतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. खांबापासून आठ मीटरांवर चुन्याने पूर्ण वर्तुळ आखावे, त्यावर सुतळी बांधावी आणि उड्डाण चालू असताना आत फक्त तिघे असावेत : विमान सोडणारा स्पर्धक, फेऱ्या मोजणारा पंच आणि वेळ घेणारा पंच. विमान सुटताच या तिघांनीही खांबाजवळ, म्हणजे विमानाच्या वाटेच्या आत, खाली बसावे. सभागृहात आठ मीटर जागा मिळत नसेल, तर प्रेक्षकांना एकाच बाजूला न बसवता दाराबाहेर आणि खिडक्यांबाहेर उभे करावे.

ही रेषा पाहुण्यांनाही लागू आहे, हे आधीच स्पष्ट सांगावे. २१ मे १९११ रोजी पॅरिसजवळच्या इसी-ले-मुलिनो मैदानावरून पॅरिस-माद्रिद शर्यत सुटत होती आणि प्रचंड गर्दी मैदानात घुसली होती. एमिल ट्रेन या वैमानिकाच्या विमानाचे इंजिन बिघडल्यामुळे तो परत उतरू पाहत होता. तेवढ्यात गर्दी हटवण्यासाठी आलेले घोडेस्वार त्याच्या वाटेत आले, त्यांना टाळण्यासाठी त्याने विमान पुढे नेले आणि ते मैदानात उभ्या असलेल्या मान्यवरांच्या घोळक्यावर कोसळले. फ्रान्सचे युद्धमंत्री मोरिस बर्तो त्यात ठार झाले आणि पंतप्रधान मोनी गंभीर जखमी झाले. ज्यांना अडवण्याचे धाडस कोणी केले नसते, तेच लोक विमानाच्या वाटेत उभे होते. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, शाळा सुधारणा समितीचे सदस्य आणि देणगीदार यांना पुढची खुर्ची देण्याची रीत आहे; ती खुर्ची जरूर द्यावी, पण रेषेच्या बाहेर. पहिले विमान सोडण्याचा मान पाहुण्यांना द्यायचा असेल, तर त्यांनी बाहेरून निशाण दाखवावे आणि छायाचित्रे विमान जमिनीवर स्थिर झाल्यावरच काढावीत.

शर्यत म्हणजे सर्वांनी एकदम सुटणे, ही आपल्याकडे रुजलेली कल्पना येथे बाजूला ठेवावी लागते, कारण एका खांबाला दोन विमाने बांधली की दोरे हमखास गुंततात. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रेम्स येथे जो पहिला मोठा विमानमेळा झाला, त्यातील गॉर्डन बेनेट चषकाची स्पर्धा घड्याळाविरुद्धच होती. नेमून दिलेल्या काळात प्रत्येकाने आपल्या सोयीची वेळ निवडायची आणि दहा किलोमीटरांच्या वाटेवर दोन फेऱ्या मारायच्या, असा तो नियम होता. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने १५ मिनिटे ५०.६ सेकंद अशी वेळ नोंदवली आणि लुई ब्लेरिओ जेमतेम साडेपाच सेकंदांनी मागे पडला. आपणही प्रत्येक स्पर्धकाला पाच मिनिटांचा अवधी द्यावा आणि त्या अवधीत तयार वाटेल तेव्हा उडू द्यावे. घाईत बसवलेला पंख आणि घाईत मारलेली गाठ यांचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. फरक सेकंदाच्या अंशाचा असू शकतो, म्हणून दोन घड्याळांवर वेळ घेऊन सरासरी धरावी.

शर्यत कोठे संपते, हेही शब्दांत लिहिलेले असावे. १९१३ मध्ये मोनाको येथे, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या श्नायडर चषकाच्या पहिल्या स्पर्धेत मोरिस प्रेवो अंतिम रेषा उडत न ओलांडता पाण्यावरून घसरत ओलांडून गेला. ते पंचांनी मान्य केले नाही, त्याला पुन्हा उड्डाण करून रेषा ओलांडावी लागली आणि विजय मिळूनही त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ७४ किलोमीटरच नोंदला गेला. म्हणून आपला नियम असा असावा : चौथी फेरी विमान हवेत असतानाच पूर्ण झाली पाहिजे, चाक जमिनीला टेकले की उड्डाण संपले, प्रत्येकाला दोन संधी आणि त्यांतील चांगली वेळ ग्राह्य.

विमानाची तपासणी वजनापासून सुरू करावी. पन्नास ग्रॅमपेक्षा जड विमान घेऊ नये. सोनाराचा काटा मिळाला तर वादच राहत नाही. नाकाशी तारेचे टोक उघडे नसावे आणि नाकावर फिरणाऱ्या पंख्याच्या कडा घासून बोथट केलेल्या असाव्यात. वेगासाठी मुले पंख छाटतात, त्याला मर्यादा घालणे आवश्यक आहे. १९११ च्या गॉर्डन बेनेट स्पर्धेत गुस्ताव हॅमेलने आखूड केलेल्या पंखांचे ब्लेरिओ विमान आणले होते, ते पहिल्याच वळणावर कोसळले आणि तो केवळ नशिबाने वाचला. तीस सेंटिमीटर लांब व सहा सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याचा साचा करून तो पंखावर ठेवावा. पुठ्ठ्याचा कोणताही भाग पंखाबाहेर डोकावला, तर विमान परत करावे.

रबर पिळताना डोळ्याला इजा होऊ शकते, त्यामुळे पिळणाऱ्याने आणि विमान धरणाऱ्याने प्रयोगशाळेतला संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. त्याच जातीचा एक रबर आदल्या दिवशी तुटेपर्यंत पिळून त्याचे वेढे मोजावेत आणि स्पर्धेत त्याच्या तीन चतुर्थांशांपलीकडे जाऊ नये. रबराला थोडे ग्लिसरीन लावावे. यंत्राचे तेल लावल्यास रबर फुगून कमकुवत होतो.

अंगणात शर्यत घ्यायची असेल, तर पावसाळ्याचे महिने सोडून द्यावेत, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. दसऱ्याच्या सुट्टीनंतर, थंडीतल्या सकाळी, धुके विरल्यावरची वेळ सर्वांत चांगली. वाऱ्याने दोरा एका बाजूला सैल पडू लागला की थांबायचे, हा निर्णय एकाच पंचाचा असावा आणि त्यावर चर्चा नको. रेम्सला उड्डाणे बंद असल्याची खूण काळे निशाण होती. सीमाभागात काळ्या निशाणाला वेगळा अर्थ असल्यामुळे आपण रेल्वेप्रमाणे हिरवे आणि लाल निशाण वापरावे, जे सर्वांना समजते. सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही द्याव्यात, कारण रेषेबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक पालकाला त्या कळणे सुरक्षिततेचा भाग आहे.

दूरनियंत्रित विमान कोणी आणले, तर त्याला या शर्यतीत प्रवेश देऊ नये. बेळगावजवळ सांबरा येथे प्रवासी विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र आहे, शिवाय अशा विमानांना २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात.

निकाल लगेच जाहीर न करता वेळांचा तक्ता अर्धा तास फळ्यावर लावावा, लेखी हरकती त्या अर्ध्या तासातच घ्याव्यात आणि प्रत्येक हरकतीचे उत्तर तक्त्याखाली लिहून त्यावर दोन्ही पंचांनी सही करावी.